जान्या आजाचा तारपा नव्याच्या आधी घरी आला पाहिजे

अन्याय झाला तो तलासरी तालुक्यातल्या वेवजी गावच्या जान्या आजावर. कधी? गेल्या आषाढात, इटलीतल्या पालेर्मो शहरात, तिथल्या मोठ्या जत्रेच्या दिवशी, संध्याकाळी पावणेसहा वाजता. काय झालं? त्याचा तारपा, भोपळ्याचं ते फुंकून वाजवायचं वाद्य, त्याच्याकडून काढून घेतला, तोही त्याच्याच सहीनं.

पत्रक असंच सुरू करायचं असतं, आजा. कुणावर, कधी, कुठं, काय. कुणी केलं ते खाली लिहायचं, म्हणजे वाचणारा खालपर्यंत येतो. आपल्या जमिनीसाठी भांडणाऱ्या संघटनेच्या कचेरीत तुझ्या पाड्यातल्या या सुनीला हे शिकवलं आणि मी इतकी वर्षं तसंच लिहीत आले. आज पहिल्यांदा ते ‘कुणी केलं’ लिहायला हात धजत नाही. तरी लिहिणार आहे. तू थांब जरा.

तुला जाऊन आज नऊ दिवस झाले. हळवं, लवकर येणारं भात पिवळं पडायला लागलंय. तुझा धर्मा रोज सकाळी बांधावर जातो, एक लोंबी हातात चुरडून बघतो आणि तिथून सरळ माझ्या दारात येतो.

“आला का काय निरोप?”

“नाही रे.”

“मी अजून दहा-बारा दिवस कापणी धरून ठेवीन. मग भात काय माझं ऐकणार नाय, सुनी.”

पीक जरा उशिरा तयार व्हावं म्हणून जीव टाकणारा शेतकरी मी पहिल्यांदा बघतेय. मुलगा आहे तो तुझा, माझ्यावर एकदा तरी ओरडायला हवं होतं त्याने. ओरडत नाही. चहा घेतो आणि जातो.

तुमच्या घरची रीत सगळ्या पाड्याला माहीत आहे. नवं भात घरात येतं, कणसरीचं, धान्याच्या देवीचं, नाव घेतात आणि पहिला घास कुणाच्याही तोंडात जायच्या आधी तारपा वाजतो. वर्षभरात घरातलं जे माणूस गेलं असेल, त्याचं नाव त्या तारप्याबरोबर घेतात. तेव्हा ते माणूस पोचलं. नाव घ्यायचं राहिलं तर ते पुढच्या नव्यापर्यंत वाटेवरच. तुझ्या बापाचं नाव तू असं घेतलंस, आजीचं घेतलंस. आता तुझं नाव धर्माने घ्यायचंय. आणि तारपा आहे पालेर्मोतल्या एका काचेच्या कपाटात.

कचेरीतला एक जण परवा म्हणाला, “दुसरा बनवा ना, भोपळा आणि बांबूच तर आहे.” त्याला काय सांगू? तुझ्या कुडावरच्या वेलाला भोपळे लटकलेत, पण सगळे हिरवे. ते वाळून आत पोकळ होईपर्यंत दिवाळी उलटून जाईल. ताडाची पानं मिळतील, मेण मिळेल. पण त्या दोन नळ्या तुझ्या बापाने कापलेल्या. भोपळा फुटला की तू नवा बसवायचास, पानं सडली की नवी वळायचास, नळ्या मात्र त्याच. “हाडं बापाची, कातडं माझं,” असं म्हणायचास आणि वर कोणी हसतंय का ते बघायचास.

आता सुरुवातीपासून सांगते. तुला सगळं ठाऊक आहे असं तू समजत होतास. नव्हतं.

आदल्या वर्षी मुंबईहून त्या मॅडम आल्या तेव्हा तू आवणीच्या, भात लावायच्या चिखलातून उठून आला होतास, पोटऱ्यांवर माती. परदेशातल्या उत्सवांना इथले कलाकार नेणं हे त्यांचं काम. त्यांना मराठी जेमतेम, तुझं बोलणं तर अजिबात नाही. त्यांनी विचारलं, जत्रेत तारपा वाजवाल का? तू म्हणालास, “येईन. दर्या बघायचाय. बोर्डीला उभा राहिलो की वाटतं, याची पल्याडची कड कशी असेल. तारपा दाखवीन, कसा करतात ते सांगीन. वाजवणार नाय. भात पेरल्यापासून नवं खाईपर्यंत तारपा वाजवत नसतात, हे सांग तिला.”

“क्या बोले?” मॅडमनी मला विचारलं.

“आएंगे, मॅडम,” मी म्हटलं.

एवढंच. दुभाषी म्हणून ते माझं पहिलं वाक्य. मला वाटलं, तिथं गेल्यावर, टाळ्या ऐकल्यावर, तू वाजवशील. तुझ्या तारप्यानंतर दहा मिनिटं मला बोलायला मिळणार होती. आपली जमीन, आपला किनारा, कुठला प्रकल्प कुणाच्या अंगणातून जातोय, सगळं मी इंग्रजीत पाठ केलं होतं. विमानात तू खिडकीला नाक लावून बसलास आणि मी कागद घोकत बसले.

तिथंही तसंच झालं. बघायचं काम तू केलंस. मी तुझ्याबरोबर नुसती हिंडले. आज पालेर्मो आठवायला बसले की मला आठवतं ते तू दाखवलेलंच.

बाजारात मासेवाले गात होते. खरंच गात होते, एकाने सोडलं की दुसरा उचलायचा. बर्फावर तलवारीसारख्या तोंडाचा मासा उभा करून ठेवलेला. तू त्याच्यासमोर कितीतरी वेळ उभा राहिलास, मग मासेवाल्याला मराठीत विचारलंस, “कालचा हाय ना?” त्याला काय कळलं देव जाणे, पण तो चिडला आणि माशाचा कल्ला उघडून लालभडक दाखवला. तू मान डोलावलीस. म्हणालास, “डहाणूच्या बाजारात पण असंच करायला लागतं. चिडवल्याशिवाय खरं दाखवत नाय.”

डोंगराच्या वाटेला दोन्ही बाजूंनी फड्या निवडुंग. त्याची फळं हे लोक सोलून खातात म्हटल्यावर तू खूश. “आपल्याकडं कुंपणाला आणि इकडं ताटात!” वरती कड्यात एक गुहा आणि गुहेत देऊळ. त्यांची ती संत पोरगी घरदार सोडून डोंगरात जाऊन राहिली होती म्हणे. शहरात रोगराई आली तेव्हा तिची हाडं सापडली, ती गावातून फिरवली आणि माणसं वाचली, म्हणून ही जत्रा. मी हे फलकावरून वाचून सांगितलं, घाईघाईत. तू म्हणालास, “आपल्या डहाणूच्या महालक्ष्मीची बहीण दिसते. ही पण डोंगर सोडत नाय.” मग मान वर केलीस. गुहेचं छत पाझरतं म्हणून त्यांनी सगळीकडे पत्र्याच्या पन्हळी लावल्यात, पाणी एका बाजूला काढलंय. “अरे! हिचं पण घर गळतं!” तू इतक्या मोठ्यांदा हसलास की राखणदाराने तोंडावर बोट ठेवलं. मला लाज वाटली होती, आजा. त्या दिवशी मला लाज वाटली, हेही आज इथं लिहून ठेवते.

जत्रेच्या दिवशी सकाळी मॅडमनी आपल्याला ते तळघर दाखवायला नेलं. भिंतीला टेकून उभी केलेली मेलेली माणसं. अंगात कोट, हातात मोजे, गळ्यात चिठ्ठ्या. शेकडो वर्षांपूर्वीची. मी बाहेरचं दार शोधत होते. तू एकेकासमोर थांबत गेलास, ओळखीचं कोणी आहे का बघावं तसा.

“यांना कोणी पोचवलं नाय काय?”

“श्रीमंतांचे चोचले आहेत, आजा. मेल्यावरही मिरवायचं.” माझ्या तोंडात पत्रकच असायचं तेव्हा.

“श्रीमंत असू दे. पण उभं ठेवलंय बिचाऱ्यांना. पाय दुखत असतील.”

बाहेर उन्हात येऊन तू पायरीवर बसलास. मग म्हणालास, “मला आडवं ठेवा हां.”

ठेवलं, आजा. आडवंच ठेवलं.

दुपारी आपण त्या दालनात गेलो. बंदराजवळची जुनी वखार, आत देशोदेशीची वाद्यं कपाटांत मांडलेली, मागं अंगण, अंगणात खुर्च्या. दारातच पाहुण्यांसाठी जाड वही होती. तू पेन मागितलंस. आमच्या पत्रकातल्या मोठ्या अक्षरांवरून तू सही शिकला होतास, पासपोर्टवरही अंगठा दिला नाहीस. ‘जान्या’ लिहायला तुला अर्धं पान लागलं आणि मागं पाहुण्यांची रांग लागली. काना देऊन झाल्यावर तू पेन उचललंस, लांबून बघितलंस आणि मला म्हणालास, “जरा वाकडा झाला का?” मी म्हटलं, “चल, उशीर होतोय.”

पाच वाजता तू अंगणात बसलास, तारपा मांडीवर. भोपळा कुठला, मेण कुठलं, आवाज पहिल्यांदा कुठून निघतो, सगळं सांगितलंस. मी इंग्रजी करत होते. मग तू थांबलास. लोक थांबलेले. मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या.

मी तुझ्या कानाशी वाकले. “आजा, एकदाच फुंक. पाच मिनिटं. हे काय वेवजी आहे? इथं भात कुठं आहे?”

“माझं तिकडं हाय ना. रोप आत्ता कुठं मातीला लागलंय. तान्ह्या पोराच्या कानाशी कोणी भोंगा वाजवतं काय?”

“तिथपर्यंत ऐकू जाणार आहे का?”

“मला ऐकू येईल ना.”

तेव्हा मी ते बोलले. तुला आठवत असेल. म्हटलं, “ही अंधश्रद्धा आहे. असल्या गोष्टींनीच आपण मागं राहिलो.”

तू माझ्याकडे बघितलंस आणि तारप्याचं तोंड हातानं झाकलंस. ते भांडण तिथंच राहिलं. मी आजही अधूनमधून मनात माझी बाजू मांडते, दाखले देते. तू नुसता बघतोस.

लोक उठून गेले. माझं भाषण झालंच नाही. दालनाचा साहेब दोन पानांचा कागद घेऊन आला, एका बाजूला इटालियन, एका बाजूला इंग्रजी, अक्षरं मुंगीएवढी. मॅडम म्हणाल्या, कार्यक्रम तर बुडवलात, निदान वाद्य तरी इथं राहू दे, लोक बघतील. “बस, फेस्टिवल तक.” बाहेर ढोल सुरू झाले होते. रस्त्यांनी माणसांचे लोंढे चालले होते. रथ निघायचा होता, जहाजाच्या आकाराचा, वर ती संत पोरगी उभी. उशीर केला तर कडेला उभं राहायला जागा मिळणार नाही, असं सगळे सांगत होते. आणि मला तो रथ बघायचा होता, आजा. तीन दिवसांत पहिल्यांदाच मला काहीतरी बघायचं होतं. भाषण गेलं, निदान रथ तरी.

तू पेन हातात घेतलंस. मग माझ्याकडे वळलास.

“वाचलंस ना?”

“हो आजा. वाचलं.”

दारावरच्या घड्याळात पावणेसहा झाले होते.

तर लिहिते. कुणी केलं? कागद ज्यांनी केला त्या दालनवाल्यांनी केलं. ‘फेस्टिवल तक’ म्हणणाऱ्या मॅडमनी केलं. आणि मी केलं. ‘न वाचता सही नाही, न वाचता अंगठा नाही’ हे पत्रक पाड्यापाड्यांत वाटणाऱ्या, त्या पत्रकाची पहिली ओळ लिहिणाऱ्या मी. एक अक्षर वाचलं नव्हतं मी.

रथ आला. माणसं ओरडत होती, रडत होती, पोरांना खांद्यावर घेत होती. तू गर्दीत उभा होतास आणि हात कुठं ठेवायचे ते तुला कळत नव्हतं. कधी पाठीमागे बांधायचास, कधी सोडायचास. मग गोगलगाई विकणारा दिसला, लसूण घालून उकडलेल्या. मॅडमनी तोंड फिरवलं. तू एक घेतलीस, चोखलीस, दुसरी माझ्यापुढे धरलीस. “खा. रुसू नको आता.” तुला वाटलं, मी तू न वाजवल्यामुळे रुसलेय. मी खाल्ली. चव छान होती. मला ती अजून जिभेवर आठवते.

परत निघताना मॅडम म्हणाल्या, तारपा मागून कुरिअरने येईल. वेवजीला आल्यावर एक दिवस पिशवी झटकताना त्या कागदाची प्रत सापडली. ओट्यावर बसून वाचली. ‘कायमची भेट’ असं लिहिलंय तिथं. दुसऱ्याच परिच्छेदात. शोधायचीही गरज नव्हती.

तुला सांगितलं नाही. आधी मिळवते मग सांगते, असं ठरवलं. मॅडमना फोन केले, त्या ‘बघते’ म्हणाल्या आणि मग उचलेनाशा झाल्या. दालनाला मेल टाकले. तू आजारी पडलास, ओट्यावरच्या बाजेवरून तुला रस्ता दिसायचा. मोटरसायकल वाजली की मान उचलायचास. “तारपा आला काय?” वेवजीच्या रस्त्यावरून दिवसाला किती मोटरसायकली जातात ते मला त्या पंधरवड्यात कळलं. प्रत्येकीला मी दचकायचे. अजून दचकते.

शेवटच्या आदल्या दिवशी तू माझा हात धरलास. दम लागत होता, तरी बोललास.

“तुझं बोलणं राहिलं ना तिकडं. मी वाजवला असता तर झालं असतं.”

तू माझी माफी मागत होतास! तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. मग धर्मा पेज घेऊन आला आणि मी उठून त्याला जागा दिली. मला अजून कळत नाही, तुला सगळं माहीत होतं आणि म्हणूनच तू मला सोडवत होतास, की तुला खरंच वाईट वाटत होतं. दोन्हीपैकी काहीही असलं तरी मला झोप लागत नाही.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी दालनाचं उत्तर आलं. अगदी सभ्य. भेट परत मागायची असल्यास भेट देणाऱ्याने स्वतः, स्वतःच्या सहीने, लेखी मागणी करावी. तू गेलास हे मी उलट कळवलं, त्यावर अजून निरोप नाही.

मी ते धर्माला वाचून दाखवलं. पूर्ण. प्रत्येक शब्द. आणि त्या कागदाचंही सांगितलं. त्याने कुडावरचा एक हिरवा भोपळा हातानं दाबून बघितला. मग म्हणाला, “म्हणजे त्याला पण उभाच ठेवलाय.” तळघरातल्या माणसांची गोष्ट तू सगळ्या पाड्याला सांगितली होतीस ना. त्याला तारप्यात तीच दिसली.

आजा, वाजवण्याबद्दल तू बरोबर होतास की मी, हे भांडण आपण पुढं चालू ठेवू. मी हरले असं म्हणणार नाही, तुलाही ते आवडणार नाही. पण एवढं मात्र कळलं की तू जे करायचं नाही म्हणालास ते कुणीही सांगितलं तरी केलं नाहीस. मी जे करू नका असं छापून वाटत होते, ते एका रथासाठी केलं. तू मला डोंगर दाखवलास, मासा दाखवलास, गळकं देऊळ दाखवलंस. एवढं सगळं देऊन एकच गोष्ट विचारलीस, तिचंही उत्तर मी खोटं दिलं.

आता वाचणाऱ्यांशी बोलते. आजा, तू ऐक फक्त.

तुमच्यापैकी कुणी सहलीला इटलीत निघालं असेल, कुणाची मुलगी तिथं शिकत असेल, कुणाचा भाऊ जहाजावर असून पालेर्मोच्या बंदराला लागत असेल. हळहळू नका. मला धीराचे निरोप पाठवू नका. दालनाला हवी ती सही जान्या आजा आता करू शकत नाही, पण त्याची एक सही त्यांच्याकडे आधीपासून आहे. बंदराजवळच्या त्या जुन्या वखारीच्या दारात पाहुण्यांची वही आहे. आषाढातलं, म्हणजे त्यांच्या जुलैतलं पान काढा. अर्ध्या पानावर देवनागरीत ‘जान्या’ लिहिलेलं दिसेल, काना जरा वाकडा. त्याच्या खाली मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, येईल त्या भाषेत लिहा: हा तारपा वेवजीच्या जान्याचा आहे, त्याच्या मुलाकडे परत पाठवा. खाली तुमचं नाव घाला. पान भरलं तर पुढच्या पानावर लिहा. स्वतः जाणार नसाल तर जो जाणार आहे त्याला आज फोन करा. उद्या नाही, आज. धर्माचं भात दहा-बारा दिवसांच्या पलीकडे थांबणार नाही.

आणि सही करायच्या आधी हे सगळं पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचा. माझ्यावर विसंबू नका. मी तुम्हाला विचारणार आहे, त्याने मला विचारलं तसंच, डोळ्यांत बघून: वाचलंत ना?